ट्रेक ठरवताना चालकाच्या झोपेचाही विचार व्हावा

महोदय,

एसटीत चालक म्हणून ३१ वर्षे काढली, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे. पाऊस उघडला की शुक्रवारी रात्री दहा-अकरानंतर आमच्या भोसरीवरून नाशिक रस्त्याला एकामागून एक गाड्या लागतात. मागच्या काचेतून सॅका दिसतात, गडावर निघालेली पोरं असतात. त्यांनी जावं, जरूर जावं. पण गाडी कोण चालवणार आणि तो कधी झोपणार, हे ट्रेक ठरतानाच ठरलं पाहिजे.

कोजागिरीच्या अलीकडच्या शनिवारी पुतण्या आणि त्याचे चार मित्र रतनगड चढणार होते. बेत असा होता: शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर जेवून अकराला निघायचं, पहाटे रतनवाडी, उजाडताच चढाई, दुपारी खाली आणि रात्री दहापर्यंत घरी. आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, शेंडी. एका बाजूनेच पावणेदोनशेच्या वर किलोमीटर, आणि शेवटचा टप्पा भंडारदरा धरणाच्या कडेकडेने वळणावळणांचा. गाडी येणारा पुतण्या एकटाच, तोही सकाळी सातला उठून कामावर गेलेला. म्हणजे शुक्रवारी सातपासून शनिवारी रात्री दहापर्यंत एकोणचाळीस तास जागरण, मध्ये गडाची चढ-उतार. मी म्हटलं, मी येतो, जाताना गाडी मी घेतो. त्या दुपारी मी मुद्दाम झोपून घेतलं होतं.

गडाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. नोकरीभर हे डोंगर मी समोरच्या काचेतूनच पाहिले. या वेळी प्रवरेच्या ओढ्यातून, गर्द झाडीतून, लोखंडी शिड्यांना घट्ट धरत १२९७ मीटरच्या त्या गडावर माझ्या पायांनी चढलो. सोनकी अजून होती, उतार पिवळे झाले होते. नेढ्यात, म्हणजे खडकाच्या आरपार भोकात बसल्यावर वारा इतका की टोपी हातात धरावी लागली. एका अंगाला अलंग-मदन-कुलंग, दुसऱ्या अंगाला कळसूबाई, खाली धरणाचं पाणी आणि निसवलेली भातखाचरं. पोरं का वेडी होतात ते मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

दोनच्या सुमारास खाली उतरलो. अमृतेश्वराच्या देवळाजवळ सतरा-सीटर गाड्या उभ्या होत्या. एका गाडीत चालक सीटवर आडवा झाला होता, पाय दाराबाहेर, काचेला ओला टॉवेल अडकवलेला. पत्रा असा तापला होता की हात टेकवत नव्हता. विचारलं, झोप झाली का? म्हणाला, "कुठली काका, पहाटे पोचलो, थोडा डोळा लागला की ऊन आलं." गुरुवारची रात्रही त्याने रस्त्यावरच काढली होती. चारला त्याची माणसं उतरणार आणि तो त्यांना घेऊन परत निघणार. त्या सतरा जणांना हे ठाऊक नव्हतं.

आम्हीही चारलाच निघालो. रात्रभर गाडी मी चालवली होती, वर गड चढलो होतो, म्हणजे मीही स्टेअरिंगवर बसण्याच्या लायक उरलो नव्हतो. तिथेच मुक्काम करायला हवा होता. मी तसा आग्रह धरला नाही, ही माझी चूक. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही दमलात, आता मी घेतो." मी दिली.

कोतूळ सोडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. मागचे चौघे गाढ झोपलेले. बारीक आवाजात गाणं चालू होतं आणि त्याच्या तालावर पुतण्याचा अंगठा स्टेअरिंगवर वाजत होता. तो अंगठा थांबला. मी वळून पाहिलं तर मान ताठ, डोळे उघडे. गाडी मात्र हळूहळू डावीकडे चाललेली. चाक साइडपट्टीवर उतरलं, खडी तळाला ताडताड लागली, तेव्हा मी स्टेअरिंग ओढलं. मोरीचा कठडा वीस-पंचवीस फुटांवर होता. थांबल्यावर तो सारखा म्हणत होता, "मी झोपलो नव्हतो काका." तो खोटं बोलत नव्हता. मागचं गाव कधी गेलं, ते मात्र त्याला सांगता येईना. झापड अशीच येते, डोळे उघडे ठेवून. साठच्या वेगात गाडी चार सेकंदांत पासष्टेक मीटर जाते.

ब्राह्मणवाड्यात एका हॉटेलवाल्याने पडवी दिली. तिथे आम्ही दोघे चांगले झोपलो आणि मगच पुढे निघालो.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. चालकाला दिवसाला ८ तासांचं काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्या जुन्या कायद्यात होतं. पण पाचपेक्षा कमी कामगारांच्या धंद्याला तो लागू होत नव्हता. त्यामुळे एकेका गाडीवर पोट असलेला असा माणूस त्यातून सुटायचा. आमच्या वेळी मुक्कामी गाडी घेऊन आडगावी गेलो की चालक-वाहक तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी परत आणायचे. ती पद्धत शहाणपणाची होती.

माणशी पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रतनवाडीत घरोघरी पिठलं-भाकरी आणि राहायची सोय होते. सगळ्यांच्या पैशांतून चालकासाठी एक सावलीची खोली घ्या, गाडी पोचली की त्याला झोपू द्या, उतरल्यावर त्याला चहासाठी नव्हे, निघायला उठवा. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी शनिवारची रात्र गावात काढावी. आणि आपल्या वृत्तपत्रात ट्रेकच्या सूचना छापून येतात, त्यांत तारीख, वेळ आणि शुल्काबरोबर 'चालकाच्या विश्रांतीची सोय' अशी एक ओळ आपण मागून घ्यावी.

पुतण्याच्या मंडळींचा पुढचा बेत साल्हेरचा आहे. निघणं शनिवारी सकाळी सहाला, मुक्काम वाघांब्याला, गड रविवारी पहाटे, रात्री पुन्हा वाघांब्यालाच, परत सोमवारी. सोमवारची रजा सगळ्यांनी टाकली आहे. गाडीवर आता दोघे आहेत. एका मित्राने लायसन काढलं आहे आणि त्याला घाटात गिअर कसा टाकायचा ते मी दर रविवारी शिकवतो आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, भोसरी, पुणे