फडके भिजवण्याआधी पॉलिश ओळखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई जवळ आली की पुरवण्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून एक कृती हमखास फिरते : अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, चमचाभर खाण्याचा सोडा, झाला घरातल्या सगळ्या फर्निचरसाठी नैसर्गिक क्लीनर. आमचा आक्षेप आहे तो 'सगळ्या' या शब्दाला.

व्हिनेगरमध्ये सोडा पडला की फसफसते, त्यामुळे औषध जालीम वाटते. खरे तर आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि उरते जेमतेम खारट पाणी. राहिले तेल. ऑलिव्ह, शेंगदाणा, खोबरेल ही तेले लाकडावर वाळत नाहीत. आठ दिवस चकाकी दिसते, मग त्यावर धूळ चिकटते आणि पुढे खवट वास येतो.

मुळात आपण लाकूड पुसत नसतो, त्यावरचे पॉलिश पुसत असतो. पंचवटीत, जुन्या नाशकात वाड्यांमधली जुनी सागवानी कपाटे, झोपाळे बहुधा फ्रेंच पॉलिशचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे. ओळखायला सोपे आहे. दाराच्या आतल्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा आणि मिनिटभराने बोट टेकवा. चिकट लागले तर ते फ्रेंच पॉलिश. काहीच झाले नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वार्निश अशा दुसऱ्या लेपाचे समजा. लाख स्पिरिटप्रमाणे क्षारातही विरघळते, म्हणून धुण्याचा सोडा तिथे वर्ज्य. खाण्याचा सोडा सौम्य खरा, पण त्याची पेस्ट करून घासली की कणांनी चमक मरते.

पुसायला रिठा उत्तम. दहा रिठे फोडून बिया टाका, साली अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळा, गार करून मलमलीतून गाळा. पॉलिशच्या लाकडाला एक लिटर कोमट पाण्यात यातले दोन मोठे चमचे पुरतात. फडके इतके पिळा की पुसल्यावर लाकडावरची ओल अर्ध्या मिनिटात उडाली पाहिजे. ती रेंगाळली तर फडके जास्त ओले आहे. मागोमाग कोरडे फडके फिरवायचेच. स्वयंपाकघरातल्या सनमायकावरच्या तेलकट चिकटपणाला हेच पाणी न मिसळता लावा, पाच मिनिटांनी पुसून घ्या. पांढऱ्या सनमायकावर ते वाळू देऊ नका, पिवळट डाग राहतो. डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते. बाहेर दोन दिवसांत नासते, म्हणून एका वेळी थोडेच करावे. साबणासारखा रिठ्याचा जड पाण्यात साका होत नाही. पण बोअरच्या पाण्याचे क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके सोडतातच, तेव्हा पुसायला नळाचे पाणी घ्यावे.

मोसंबी-लिंबाच्या सालींचे बायो-एन्झाइम हल्ली घरोघरी होते. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. प्रमाण बरोबर आहे. बाटली प्लॅस्टिकचीच हवी आणि पहिला महिना झाकण रोज सैल करायला हवे, नाहीतर वायूने फुटते. फरशीला, सिंकला छान. पण ते आंबट असते, म्हणून संगमरवरी टेबलावर आणि फ्रेंच पॉलिशवर नको. घाई करून महिनाभरातच गाळले तर त्यात गूळ शिल्लक असतो, आणि मग मुंग्या कपाटाची वाट धरतात.

गरम कपाचा पांढरा गोल डाग म्हणजे लाखेत अडकलेली ओल. दोन दिवस तसाच वाळू द्या. नाहीच गेला तर वस्त्रगाळ राख खोबरेलाच्या दोन थेंबांत कालवून बोटाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, अगदी हलके चोळा आणि तेल पूर्ण पुसून काढा. काळा डाग मात्र राखेने जात नाही. तो बहुधा ओला लोखंडी डबा किंवा खिळा आणि लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य यांचा असतो, तो पॉलिशवाल्यालाच दाखवावा. झोपाळ्याच्या पितळी कड्या चिंचेने घासायच्या तर काढून घासा. लाकडावर ओघळलेल्या चिंचेने पॉलिशचे हाल होतात.

चमक हवी असेल तर तेल नको, मेण लावा. मधमाशीचे मेण 50 ग्रॅम किसून डब्यात घाला, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. गॅस बंद करून डबा दुसऱ्या, मोकळ्या हवेच्या जागी न्या, आणि मगच त्यात 200 मिली टर्पेंटाइन ओता. त्याची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळ ज्योत नकोच. बाजारात टर्पेंटाइन म्हणून बहुतेकदा पेट्रोलियमचे मिळते. नैसर्गिकच हवे तर चीड (पाइन) झाडाच्या राळेचे मागून घ्या. मेणाचेही तसेच. चोळल्यावर मऊ पडून मधाचा वास आला तर खरे, नाहीतर मेणबत्तीचे पॅराफिन. गार झालेल्या मलमाचा वाटाण्याएवढा गोळा हातभर फळीला पुरतो. वीस मिनिटांनी कोरड्या सुती फडक्याने घासा. जास्त लावले तर बोटांचे ठसे उमटत राहतात.

पॉलिश नसलेल्या पाटा-चौरंगाला जवसाचे तेल चालते, ते वाळते. पण त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

आपले,
सुतारकाम व पॉलिशकाम करणारे काही कारागीर, नाशिक