विषय: साडेतीन लिटरच्या बाऊलला "5 लिटर फायटर होम" म्हणून विकल्याबद्दल तक्रार

कस्टमर केअरचे साहेब / मॅडम,

नमस्कार. मी वडगाव, बेळगावहून लिहितोय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या धाकटीच्या वाढदिवसाला तुमचं फायटर माशाचं किट घेतलं, 1,450 रुपये, बिलाचा फोटो जोडलाय. फोनवर तीनदा सांगून झालं, तिसऱ्यांदा तुमचा माणूस म्हणाला "फायटर आहे सर, भांडणारच". म्हणून आता लिहून देतोय, म्हणजे कुणीतरी पूर्ण वाचेल तरी.

पहिलं म्हणजे बाऊल. बॉक्सवर 5 लिटर छापलंय. मी घरी एक लिटरच्या बाटलीनं मोजून भरला तर साडेतीन लिटरला पाणी गळ्यापाशी आलं. 5 लिटर भरायचे तर काठोकाठ, आणि फायटर उडी मारतो, झाकण तुम्ही दिलेलंच नाही. बरं 5 लिटर असतं तरी काय? एका फायटरला निदान 20 लिटर पाहिजे, हे मला मासा आजारी पडल्यावर कळलं, तुम्हाला तर बॉक्स छापायच्या आधीच माहीत असणार की.

बॉक्सच्या मागं लिहिलंय की हा मासा वरची हवा घेतो, भातशेतीतल्या थोड्या पाण्यात राहतो, म्हणून लहान बाऊल आणि फिल्टरशिवाय चालतो. हवा घेतो हे खरं आहे, पण त्यानं फक्त ऑक्सिजनचा प्रश्न सुटतो ओ, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून विषारी अमोनिया होतो तो कुठं जाणार? मोठ्या टँकमध्ये तो पसरतो आणि फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट मग नायट्रेट करतात, आणि ते बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या बाऊलमध्ये दोन दिवसांत पाणी गढूळ. आणि थायलंडची भातशेती म्हणता तर एकदा पावसाळ्यात खानापूरला येऊन भाताचं खाचर बघा, पाणी घोट्याएवढं असतं पण पसरलेलं किती असतं. ते बघून कुणी त्याला तांब्याएवढ्या बाऊलमध्ये कोंबलं नसतं.

पत्रकावर दर आठवड्याला सगळं पाणी बदला असं आहे, मी तसंच केलं. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, आलं की क्लोरीनचा वास मारतो, ते तसंच ओतलं आणि मासा तळाला जाऊन आडवा. नंतर कळलं की चौथा हिस्साच बदलायचा आणि क्लोरीन घालवणारे थेंब टाकायचे. हे एक वाक्य पत्रकात मावलं नसतं? पत्रक इंग्लिश आणि कन्नडमध्ये आहे, त्याला माझी तक्रार नाही, कन्नड वाचता येतं आम्हाला, पण दोन्हीत चुकीचंच लिहिलंय. आणि फायटरचं दुसरं नाव बेट्टा, कन्नडमध्ये बेट्टा म्हणजे डोंगर, तुम्ही डोंगर साडेतीन लिटरमध्ये बसवलाय.

आता मुख्य तक्रार. बॉक्सच्या पुढच्या बाजूला चित्रात फायटरबरोबर दोन गप्पी आणि दोन टायगर बार्ब, खाली "1 फायटर + 4 सोबती". धाकटीनं चित्र बघूनच हट्ट धरला, दुकानातल्या मामांनी पण बॉक्स बघूनच चार मासे दिले, त्यांचा दोष मी धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गप्पी मेलेली, कारण नर गप्पीची रंगीत लांब शेपटी बघून फायटरला तो दुसरा फायटरच वाटतो. पण त्याहून वाईट टायगर बार्बनी केलं. हे मासे दुसऱ्याचे पर कुरतडतात, त्यातून दोनच ठेवले की जास्तच, त्यांना सहा-आठांचा घोळका लागतो. आमचा घरी माग आहे, साडीचा पदर उंदरानं खाल्ला की ताण्याचे धागे कसे सुटे लोंबतात ते रोज बघणारा माणूस मी, अगदी तसेच निळ्या शेपटीचे धागे लोंबत होते. धाकटी काचेला नाक लावून मोजत बसली किती राहिलेत, आणि मोजता मोजता रडायला लागली.

वर डिसेंबर-जानेवारीची आमची थंडी. फायटरला पाणी 24 ते 28 डिग्री पाहिजे, एका सकाळी थर्मामीटर टाकला तर 18. एवढ्याशा पाण्यात हीटर बसवायचा कुठं, बसवला तरी मासा शिजायची भीती.

शेवटी मी दीड फुटी टँक घेतला, 18 बाय 10 बाय 10 इंच, झाकण, हळू चालणारा स्पंज फिल्टर आणि हीटर. फायटर एकटा आणि सोबतीला एक नेराइट गोगलगाय, बस्स. तळाला फिरणाऱ्या कोरी माशांशी त्याचं जमतं, पण त्या सहा तरी पाहिजेत आणि टँक 60 लिटरच्या आसपास, तेवढी जागा आमच्या घरात मागामुळे नाही. मासा जगला, शेपटीला कडेनं पारदर्शक नवा पर फुटतोय. बार्ब मामांनी परत घेतले, उरलेली गप्पी शेजारी दिली.

माझं मागणं असं. 1,450 रुपये परत करा. बॉक्सवरून चार सोबत्यांचं चित्र काढा, बाऊलवर खरं माप लिहा, आणि फायटरच्या नावानं तो विकणं बंद करा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखाच्या आतल्या तक्रारीला फी पण नाही, चौकशी करून ठेवलीय.

बाऊल परत पाहिजे असेल तर माणूस पाठवा. सध्या त्यात मागाच्या कांड्या ठेवल्यात, रिकामा करून देतो.

तुमचा एक ग्राहक
वडगाव, बेळगाव