विषय: २०११ सालच्या हॅचबॅकमध्ये शिरणारं पावसाचं पाणी, त्यावर झालेलं चुकीचं काम आणि काल फोनवर मिळालेलं उत्तर

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा कक्षातून फोन आला, त्यानंतर हे पत्र लिहिते आहे. यापुढे फोनवर बोलायची इच्छा उरलेली नाही, म्हणून सगळं लेखी.

गाडी तुमच्याच कंपनीची, पेट्रोल, रत्नागिरीत किनाऱ्यालगत उघड्यावर उभी असते. पाऊस लागला की पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी पाणी येतं. कारपेट वरून नुसतं दमट लागतं, पण उचलून खालचा फोम दाबला की बोटांच्या मधून पाणी वर येतं. तुमच्या अधिकृत वर्कशॉपने यावर दोन कामं केली. डाव्या दाराचं बीडिंग, म्हणजे दाराच्या चौकटीभोवतीचं रबर, बदललं आणि पुढच्या काचेच्या खालच्या कडेला सिलिकॉन भरलं. दोन्हींचे पैसे घेतले. पाणी थांबलं नाही, सिलिकॉननंतर तर वाढलं.

आता कालचा फोन. बोलणारे गृहस्थ स्वतःला वरिष्ठ अधिकारी म्हणवत होते. पहिला प्रश्न, "मॅडम, गाडी कुठल्या सालची?" २०११ म्हटल्यावर लगेच, "मग पाणी येणारच ना." मी म्हटलं, पाणी कुठून येतंय ते तुमच्या माणसांनी शोधलंच नाही, जॉबकार्डवर पाण्याच्या चाचणीची नोंदसुद्धा नाही. त्यावर, "एसीचं पाणी असेल." मी सांगितलं की रात्रभर गाडी बंद होती, एसी बंद होता, बाहेर पाऊस पडत होता आणि सकाळी फोम भिजलेला होता. दोन सेकंद शांतता. मग, "काच थोडी उघडी राहिली असेल." काचा बंद होत्या. "मग बाटली सांडली असेल." तेही नाही म्हटल्यावर सल्ला मिळाला की पावसाळाभर पायाखाली वर्तमानपत्र टाका आणि रोज बदला, बरेच लोक तसंच करतात. मी दाराच्या आतल्या, पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकच्या पडद्याबद्दल विचारायला लागले, तर मला मध्येच तोडून म्हणाले, "घरी साहेब आहेत का? त्यांना फोन द्या, मी त्यांना समजावतो."

साहेबांना काय समजावणार होते? दाराच्या आत पडदा असतो हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. "कसला पडदा?" असं त्यांनी विचारलं, आणि तेच मला सांगत होते की पुरुषाला फोन द्या. हे संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड होतं अशी सूचना फोनच्या सुरुवातीलाच ऐकवली गेली. ते रेकॉर्डिंग काढून तुम्ही स्वतः ऐका.

तुम्ही गाड्या बनवता, तेव्हा दाराची रचना तुम्हाला शिकवायला नको. पण तुमच्या वर्कशॉपला ती माहीत नाही, म्हणून लिहावं लागतंय. काचेलगतच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं थोडं पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच. ते खाली वाहतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या आतल्या बाजूचं आवरण म्हणजे पॅड; त्याच्या मागे पत्र्याला चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते पाणी केबिनच्या बाजूला येऊ देत नाही. पडदा फाटला किंवा त्याची खालची कड सुटली, की पाणी पॅडच्या आतून खाली येतं, बीडिंगच्या आतल्या बाजूला उंबऱ्याच्या पट्टीवर पडतं आणि तिथून कारपेटखाली जातं. म्हणजे या वाटेत बीडिंग लागतच नाही. नवीन बीडिंग लावा, दोन लावा, पाणी तेवढंच येणार. वर कारपेट जवळजवळ कोरडं आणि खाली फोम ओला, ही याची ओळख आहे, आणि ती पहिल्याच दिवशी जॉबकार्डवर लिहून दिली होती.

दाराचा पॅड आता उघडून पाहिला आहे, फोटो सोबत जोडले आहेत. पडदा खालच्या पुढच्या कोपऱ्यात ब्लेडने कापलेला आहे. काप सरळ आहे, जुनेपणाने प्लास्टिक असं फाटत नाही. तो काप खोके बंद करायच्या खाकी टेपने चिकटवला होता. दमट हवेत त्या टेपचा गोंद सुटतो, इथेही सुटला आणि कोपरा लोंबत होता. या दाराची काच वर-खाली करणारी मशीन मागच्या वर्षी तुमच्याच वर्कशॉपने बदलली, त्या कामाचं जॉबकार्डही जोडलं आहे. त्यानंतर हा पॅड दुसऱ्या कुणी उघडलेला नाही. म्हणजे पडदा तुमच्या माणसाने कापला, आणि त्या कापातून येणाऱ्या पाण्यासाठी बीडिंगचे पैसे तुम्ही माझ्याकडून घेतले.

दुसरी वाट काउलची, म्हणजे पुढच्या काचेच्या खाली असलेल्या पन्हळीची. वायपरच्या खालच्या जाळीतून काउलमध्ये गेलेलं पाणी दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे खाली पडायला हवं. सुरूच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत सुरूची बारीक पानं या जाळीतून सहज आत जातात, आणि इथे ती साफ करावी लागतात हे मान्य आहे. पण जाळी काढल्यावर डाव्या टोकाच्या भोकात काय दिसलं? तुमचं सिलिकॉन. काचेच्या कडेला भरताना ओघळलेलं, तिथेच घट्ट झालेलं, आणि त्याला अडकून बसलेला पानांचा गोळा. उजव्या बाजूला दोन लिटर पाणी ओतलं तर लगेच चाकामागे पडलं. डाव्या बाजूला ओतलेलं पाणी काउलमध्येच चढत गेलं. ब्लोअरला बाहेरची हवा देणारं तोंड त्याच बाजूला आहे. पाणी त्या तोंडाच्या काठापर्यंत चढलं की ब्लोअरमधून थेट डाव्या पायाशी उतरतं. केबिन फिल्टर ओला निघाला, त्यावर सुरूची पानं होती. एसीच्या पाण्यात सुरूची पानं येत नाहीत.

सिलिकॉनबद्दल अजून. पुढची काच पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि गाडीच्या सांगाड्याच्या मजबुतीत तिचा वाटा असतो. काचेतून पाणी येत असेल तर काच काढायची, पत्र्यावरचा गंज साफ करायचा, प्रायमर लावायचा आणि नव्याने पॉलियुरेथेन भरून बसवायची. वरून सिलिकॉन चोपडायचं नसतं. तुमच्या माणसाने वापरलेल्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास होता; सुकताना त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पॉलियुरेथेन नीट धरत नाही, म्हणजे पुढे कधी काच बदलायची तर ते सगळं खरवडून काढणं आलं. आणि मुळात काचेतून पाणी येतच नव्हतं.

हे सगळं टाळता आलं असतं. कारपेट उचलायचं, आतून पुसून कोरडं करायचं. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर नळीने पाणी सोडायला. नळीला नोझल नको, नुसतं वाहतं पाणी. सुरुवात खालून करायची: आधी उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग काउल, मग पुढची काच, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच ते दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. दाराच्या पट्टीवर टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याचा ओघळ स्पष्ट दिसतो. तुमच्या वर्कशॉपने काय केलं? धुण्याच्या रॅम्पवर प्रेशर गनने गाडी धुतली आणि आत डोकावून पाहिलं. प्रेशर गन चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलते, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

फोम अजून ओला आहे. तो गाडीत ठेवून वाळत नाही, सीट काढून कारपेट बाहेर घ्यावं लागतं. सीटखाली सीटबेल्टचा पिवळा कनेक्टर आहे, त्याच्या पिनांवर हिरवट थर धरायला लागलाय. फ्लोअरच्या पत्र्यावर रंग फुगलाय. "पाणी येणारच ना" म्हणणाऱ्यांना हे कळत नसेल, तुम्हाला कळतं.

माझ्या वडिलांनी याच कंपनीची गाडी घेतली होती, मी घेतली, भावानेही घेतली. जुन्या गाडीलाही नीट सर्व्हिस मिळते या एका भरवशावर. पंधरा वर्षांची गाडी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला वर्तमानपत्र टाका म्हणणार असाल तर तो भरवसा संपला.

मला हवं ते असं. बीडिंग आणि सिलिकॉन या दोन्ही कामांचे पैसे परत. डाव्या दाराला नवा पडदा, जुना ब्यूटाइल (पडदा चिकटवायचं चिकट रबर) पूर्ण काढून, पत्रा पुसून, न तुटणाऱ्या एकसलग ब्यूटाइलने चिकटवलेला, खालची कड दाराच्या आत वळवलेली. पार्ट्स काउंटरवर हा पडदा सुटा मिळत नाही असं सांगितलं. तो कुठून आणायचा ते तुम्ही पाहा, कापला तुमच्या माणसाने आहे. सिलिकॉन खरवडून काढणं आणि काउलचं डावं भोक मोकळं करणं. फोम बदलणं, फ्लोअरवर गंजरोधक लेप, कनेक्टरची तपासणी. शेवटी वर लिहिलेली पाण्याची चाचणी माझ्यासमोर, आणि तिची नोंद जॉबकार्डवर. कालच्या फोनबद्दल लेखी माफी वेगळी.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईल आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, सदोष सेवेबद्दल. इतक्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. कापलेला पडदा आणि त्यावरची खाकी टेप मी जपून ठेवली आहे.

उत्तर लेखी द्यावं. फोन करू नये.

आपली ग्राहक

सोबत: दोन्ही जॉबकार्डं आणि बिलांच्या प्रती, पडदा, काउल आणि केबिन फिल्टर यांचे फोटो