वीज गेली की ब्रिज मोड विसरणाऱ्या मोडेमबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : खोक्यावर छापलेली ब्रिज मोडची सोय मोडेममध्ये टिकत नसल्याबद्दल तक्रार व किंमत परत मिळण्याची मागणी

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

आपल्या कंपनीचा एका पोर्टचा एडीएसएल२+ मोडेम (टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणारा) मी रत्नागिरीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतला. मोडेम चालू होतो, दिवे लागतात, लाइन पकडतो. हे मीच आधी लिहून टाकते, कारण आपल्या सर्व्हिस सेंटरने दरवेळी ‘तपासला, चालतो’ असा शेरा मारून माझी तक्रार बंद केली आहे. ज्या कामासाठी मी तो विकत घेतला आणि जे काम तो करतो असे आपण खोक्यावर छापले आहे, ते, म्हणजे ब्रिज मोड, त्याच्याकडून होत नाही. ब्रिज मोड म्हणजे मोडेमने तारेवरचा सिग्नल फक्त पुढे द्यायचा; लॉगिन आणि राउटरचे काम त्यामागच्या माझ्या यंत्राने करायचे.

आमच्या वाडीत फायबर अजून आलेले नाही. ते देवरुखच्या बाजारपेठेपर्यंत येऊन थांबले आहे, त्यामुळे आम्हाला तांब्याच्या जोडीशिवाय पर्याय नाही. एक्स्चेंज अडीच-पावणेतीन किलोमीटरवर आहे. मोडेमच्या पानावर लाइनचे ॲटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती क्षीण होतो ते) ३८ डेसिबलच्या आसपास दिसते, आणि पावसाळ्यात खांबावरचा जोड भिजला नाही तर ८ एमबीपीएस सहज मिळतात. लाइनमध्ये खोट नाही हे लाइनमननेही मीटर लावून पाहिले आहे. म्हणून ‘टेलिफोनवाल्यांकडे जा’ हे उत्तर कृपया पुन्हा देऊ नये.

मी घरून दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि जीएसटीची विवरणपत्रे भरते. लोकांचे विक्रीचे आकडे, पोर्टलचे पासवर्ड, बँकेचे तपशील माझ्या संगणकावर असतात. त्याच घरात टीव्ही आहे, अंगणात कॅमेरा आहे, मुलांचे फोन आहेत. कॅमेऱ्याने हिशेबाच्या संगणकाकडे फिरकू नये, आणि साखरप्याहून काम करणाऱ्या माझ्या मदतनीस मुलीला मात्र व्हीपीएनने सुरक्षित आत येता यावे, यासाठी मी राउटर स्वतः जोडला. एका ऑफिसने काढून टाकलेला डेस्कटॉप घेतला, त्यात दुसरे नेटवर्क कार्ड बसवले आणि त्यावर पीएफसेन्स हे फायरवॉल-राउटरचे सॉफ्टवेअर घातले. नियम, नोंदी, व्हीपीएन, पत्ते वाटणे, सगळे तो करतो. त्याला एकच गोष्ट येत नाही : टेलिफोनच्या तारेवरचा डीएसएल सिग्नल समजून घेणे. मोडेम हवा होता तो तेवढ्यापुरता.

हा मोडेम निवडताना मी बराच विचार केला होता आणि तो इथे लिहिणे भाग आहे, कारण आपल्या प्रतिनिधीने मला ‘मॅडम, तुम्ही चुकीचे मॉडेल घेतले’ असे फोनवर सांगितले. यूएसबीचे जुने मोडेम निम्म्या किमतीत मिळत होते. पण ते स्वतः काही करत नाहीत. संगणकाने त्यांच्यात दरवेळी फर्मवेअर (मोडेम चालवणारे आतले सॉफ्टवेअर) भरावे लागते, आणि पीएफसेन्स ज्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते तिथे त्यांच्या ड्रायव्हरचा भरवसा नाही. संगणकाच्या आत बसणाऱ्या डीएसएल कार्डांचे रडगाणे तेच. टेलिफोन कंपनीचा भाड्याचा मोडेम घेतला तर महिन्याला भाडे भरा आणि शिवाय त्याच्या चाव्या त्यांच्या हातात. चार पोर्ट आणि वायफायवाले मोडेम जवळजवळ दुप्पट किमतीचे, आणि त्यातली वायफाय मी पहिल्याच दिवशी बंद करणार होते. मग पैसे कशाचे द्यायचे? मला इथरनेटचे एक पोर्ट, लाइनची आकडेवारी दाखवणारे एक पान आणि ब्रिज मोड, एवढेच हवे होते. आपल्या खोक्यावर हे तिन्ही ठळक छापलेले होते आणि किंमत बाराशेच्या आत होती. दुकानदार पुन्हा पुन्हा विचारत होता, ‘वायफाय नको? नक्की?’ मी नक्की म्हटले.

आता दोष. मोडेममध्ये व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ (लाइनच्या जोडणीचे क्रमांक) भरून ब्रिज मोड निवडला आणि सेव्ह केले की सगळे व्यवस्थित चालते. पीएफसेन्स स्वतः पीपीपीओईने (युजरनेम-पासवर्ड देऊन लाइनवर जोडले जाण्याच्या पद्धतीने) लॉगिन करते, बाहेरचा आयपी पत्ता थेट फायरवॉलला मिळतो, व्हीपीएन जोडले जाते. मग वीज जाते. आमच्याकडे ती जातेच. इन्व्हर्टर आहे, पण तो जुना आहे. वीज गेल्यावर बॅटरीवर जाताना क्षणभर अडखळतो. तेवढ्यात डेस्कटॉप तग धरतो, आपला मोडेम मात्र नव्याने सुरू होतो. आणि सुरू होतो तो राउटर बनून! ब्रिज मोड गायब, त्या जागी पीपीपीओई, युजरनेम रिकामे. फायरवॉल हाका मारत राहते, पलीकडून उत्तर देणारे कोणी नसते. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी हे झाले तेव्हा मला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून लोकांची विवरणपत्रे भरावी लागली. २० तारखेला ते पोर्टल मुळातच कसे चालते हे ज्यांनी भरले आहे त्यांना ठाऊक असेल.

आपल्या सर्व्हिस सेंटरचे म्हणणे होते की मोडेमची मेमरी खराब असेल. ते खरे नाही हे मी त्यांना तिथेच दाखवले. मोडेमचा स्वतःचा पत्ता मी बदलून ठेवला होता, तो वीज गेल्यावरही बदललेलाच राहतो. ॲडमिनचा पासवर्डही राहतो. व्हीपीआय-व्हीसीआय राहतात. मेमरी खराब असती तर हेही गेले असते. सेटिंगच्या बॅकअप फाइल मी काढल्या आहेत : बंद करण्यापूर्वीच्या फाइलमध्ये ब्रिज लिहिलेले आहे, पुन्हा सुरू केल्यानंतरच्या फाइलमध्ये त्याच ओळीत पीपीपीओई आहे. म्हणजे मोडेम सुरू होताना आपले फर्मवेअर ती एक ओळ स्वतः बदलते. दोन्ही फाइल सोबत देत आहे; आपल्या इंजिनिअरला त्या शेजारी ठेवून पाहायला पाच मिनिटे लागतील.

यावर उपाय म्हणून कोल्हापूरच्या सेंटरने मोडेममध्ये नवी आवृत्ती भरून दिली. घरी आणून लावला तर ब्रिज मोड यादीतूनच काढून टाकलेला! आधी वीज जाईपर्यंत तरी चालत होता. जुनी आवृत्ती परत घाला म्हटले तर उत्तर आले की खालची आवृत्ती घालता येत नाही, आणि ‘ब्रिज मोड घरगुती ग्राहकांसाठी नसतो’. मग तो घरगुती ग्राहकांना विकायच्या खोक्यावर कोणासाठी छापला आहे? हे पत्र लिहिण्यापूर्वी मी त्याच दुकानात जाऊन नवा आलेला माल पाहिला. छपाई तीच आहे. फोटो जोडला आहे.

आपल्या हेल्पलाइनने सुचवले की युजरनेम मोडेममध्येच भरा, राउटर मोडमध्ये चालवा आणि माझा संगणक डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारे सगळे एकाच यंत्राकडे वळवणाऱ्या सोयीत) टाका, ‘एकच गोष्ट आहे’. ही एकच गोष्ट नाही. राउटर मोडमध्ये बाहेरचा पत्ता मोडेमकडे राहतो आणि माझ्या फायरवॉलच्या वाट्याला मोडेमने दिलेला खासगी पत्ता येतो. पत्त्यांची अदलाबदल दोन ठिकाणी होते. डीएमझेड लावले तरी प्रत्येक जोडणी मोडेमच्या इवल्याशा तक्त्यातून जाते, आणि तो तक्ता भरला की मोडेम गोठतो; मी चालवून पाहिले आहे, घरात चार जण एकदम ऑनलाइन आले की पुरे. मदतनिसाच्या व्हीपीएनलाही आत येण्यासाठी त्याच तक्त्यावर विसंबून राहावे लागते.

याहून मोठी गोष्ट सुरक्षिततेची. राउटर मोडमध्ये इंटरनेटच्या समोर उभे राहते ते आपले फर्मवेअर, माझी फायरवॉल त्याच्या मागे. पुढच्या दाराला कागदी कडी लावून आतल्या खोलीला लोखंडी दार बसवावे, तसे हे आहे. भीती काल्पनिक नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत सुमारे ९ लाख जोडण्या कोलमडल्या, त्या राउटरच्या दूर-व्यवस्थापनासाठी उघड्या ठेवलेल्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर झालेल्या हल्ल्यामुळे. २०१७ च्या जुलैत आपल्याच देशात हजारो ब्रॉडबँड मोडेम मालवेअरने बंद पाडले, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला होता. आपल्या मोडेममध्ये राउटर मोडवर बाहेरून ॲडमिनचे पान उघडते का, असे मी लेखी विचारले होते. त्याचे उत्तर आलेले नाही. ब्रिज मोडमध्ये हा प्रश्नच उरत नाही, कारण मोडेमला बाहेरचा पत्ताच नसतो. म्हणून तर तो हवा होता.

आपल्या विभागीय प्रतिनिधीने शेवटी फरकाची रक्कम भरून वायफायवाले मॉडेल घेण्याचा प्रस्ताव दिला. त्यात ब्रिज मोड वीज गेल्यावर टिकतो का, हे लेखी द्या म्हटल्यावर ते गप्प झाले. मीही प्रस्ताव नाकारला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(१०) प्रमाणे विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या तुलनेत वस्तूत असलेली उणीव हा ‘दोष’ ठरतो. जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येते, त्यामुळे खोक्यावरची ओळ ही कलम २(२८) खालील दिशाभूल करणारी जाहिरात आहे, असे माझे म्हणणे आहे. मी घरून व्यवसाय करते म्हणून मी ‘ग्राहक’ नाही, असा पवित्रा कोणी घेईल. स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याने त्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, हे कलम २(७) च्या स्पष्टीकरणात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार नोंदवली आहे आणि नोंदणी क्रमांक सोबतच्या कागदात दिला आहे.

माझी मागणी अशी. वीज जाऊन आली तरी ब्रिज मोड कायम ठेवणारे फर्मवेअर या पत्रापासून १५ दिवसांत द्यावे. ते माझ्यासमोर प्लग काढून-लावून दाखवले गेले तर किंमत मागणार नाही, कारण मोडेमचा लाइन पकडण्याचा भाग खरोखर चांगला आहे आणि तो टाकून द्यायला मलाही जिवावर येते. ते जमणार नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम आणि कोल्हापूरला पाठवण्याचा कुरिअर खर्च परत करावा. दोन्हीपैकी काहीही झाले तरी, ज्या मॉडेलमध्ये ही सोय टिकत नाही त्याच्या खोक्यावरून आणि संकेतस्थळावरून ती काढावी, आणि दुकानात पडलेल्या मालावर तशी पट्टी लावावी. माझ्यासारखा जुना संगणक घेऊन फायरवॉल जोडणारा माणूस नेमकी तीच ओळ वाचून हे खोके उचलतो.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी रत्नागिरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, त्यामुळे मला तिथे जायला अडचण नाही.

मोडेम, ॲडॅप्टर आणि स्प्लिटर मूळ खोक्यात ठेवले आहेत. न्यायला माणूस पाठवायचा असल्यास तो आपल्या खर्चाने आणि पावती घेऊन पाठवावा. आणि कृपया महिन्याच्या १८ ते २० तारखेला पाठवू नये.

आपली विश्वासू,
(नाव, पत्ता व बिल क्रमांक सोबतच्या पानावर)
देवरुख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

सोबत : बिल व वॉरंटी कार्डाच्या प्रती, जुन्या व नव्या खोक्याचे फोटो, सेटिंगच्या दोन बॅकअप फाइल, सर्व्हिस सेंटरच्या पावत्या, हेल्पलाइनवरील नोंद.