बाबा, सही करून घरी जाऊ नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा फार वैतागलेले होते. "हॉस्पिटलात नुसतं झोपवून ठेवलंय, दर सहा तासांनी रक्त काढतात, ऑपरेशनचं नाव नाही. सही करून घरी जातो." फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. आई, तू त्यांना वाचून दाखव.

बाबा, स्कूटर घसरली तेव्हा हँडलचं टोक तुमच्या डाव्या बरगड्यांखाली बसलं. वरून नुसतं खरचटलं, म्हणून तुम्ही घरी येऊन चहा घेतलात आणि पेपर वाचत बसलात. पोटाला मुका मार लागला की असंच फसायला होतं. आत लिटरभर रक्त साठलं तरी पोट फुगलेलं दिसेलच असं नाही. त्यात तुम्ही मेटोप्रोलॉल घेता. रक्त जायला लागलं की नाडी धावते आणि आम्ही डॉक्टर सावध होतो. या गोळीने ती धावतेच असं नाही. स्टेंटनंतरच्या इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेलमुळे रक्त लवकर थांबतही नाही. आई, खांद्याला लागलेलं नसताना ते "डावा खांदा दुखतोय" म्हणाले आणि तू लगेच मला कळवलंस, ते फार बरं केलंस. पाणथरीतून, म्हणजे स्प्लीनमधून, आलेलं रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं डाव्या खांद्यात जाणवतं.

गेल्या गेल्या केलेली सोनोग्राफी पोटात आणि हृदयाभोवती रक्त साठलंय का, एवढंच पाहायला होती. फाटलंय काय, ते सीटीत कळलं. पाणथरीला दुसऱ्या ग्रेडची चीर आहे, 3 सेंटीमीटरपेक्षा कमी खोल. लिव्हर, किडन्या, स्वादुपिंड ठीक आहेत.

पूर्वी अशी पाणथरी सरळ काढून टाकत. आता रक्तदाब स्थिर असेल तर ती वाचवतात, कारण न्युमोकोकससारख्या जंतूंशी लढायला ती लागते. काढली तर लसी घ्याव्या लागतात आणि साधा तापही जन्मभर अंगावर काढून चालत नाही. म्हणून तुम्हाला झोपवून ठेवलंय तोच तुमचा उपचार आहे, बाबा. सारखं रक्त काढतात ते हिमोग्लोबिन घसरतंय का हे बघायला. डॉक्टर पुन्हा पुन्हा पोट दाबतात, कारण आतड्याचं बारीक भोक पहिल्या सीटीत सुटू शकतं. मग काही तासांनी पोट कडक होतं, ताप येतो, तेव्हा ते कळतं. सुरुवातीला उपाशी ठेवलं तेही याचसाठी. हिमोग्लोबिन उतरत राहिलं तर जांघेतून बारीक नळी घालून रक्तवाहिनी आतूनच बंद करता येते. रक्तदाब कोसळला आणि सलाइन-रक्त देऊनही सावरला नाही, तर मात्र लगेच पोट उघडायचं. ही पाळी येईल तेव्हा तुम्ही घरी नाही, हॉस्पिटलातच असायला हवं.

पाणथरी काही दिवसांनीही पुन्हा फुटू शकते. म्हणून सुट्टी मिळाल्यावरही सर्जन सांगतील तोवर कळशी उचलायची नाही, स्कूटर नाही, गहू दळायला न्यायचे नाहीत. दुखलं तर मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी सुरू करायच्या ते सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. स्टेंट आहे, तेव्हा परस्पर बंदही नाही आणि सुरूही नाही. आई, चक्कर, गार घाम, पुन्हा खांदा दुखणं, यांतलं काहीही झालं तर आधी 108 ला फोन, मग मला.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. रविवारी राउंडला मीही असेन, काय विचारायचं ते लिहून ठेवा.

तुमची लेक