स्वच्छतागृह आहे, पण किल्ली कुणाकडे?

मा. शिक्षणमंत्री,
सविनय नमस्कार.

मी शिक्षिका आहे. तपासणीच्या तक्त्यात ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह’ या रकान्यापुढे मीही बरीच वर्षं ‘होय’ लिहीत आले. ते खोटंही नव्हतं. स्वच्छतागृह होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. का, तर मुली घाण करतात. आता सातवीतल्या मुलीनं चार सर चहा पीत बसलेत तिथं जाऊन किल्ली मागायची! कोण मागेल? मुलींनी त्यावर तोडगा काढला: पाणी प्यायचंच नाही. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जायची. दुपारी डोकं दुखायचं, लघवीला जळजळ व्हायची आणि आम्ही म्हणायचो, हिचं गणितात लक्ष नाही.

पाळीत तर आणखी पंचाईत. दाराला आतून कडी नाही, म्हणून मैत्रीण बाहेरून दार धरून उभी. तास दोघींचा बुडतो. आत पाणी नसेल, पॅड टाकायला झाकणाचा डबा नसेल, तर मुलगी सरळ घरीच राहते. हजेरीपटावर नुसतं ‘गैरहजर’. मागे पडली की घरचे म्हणतात, जमत नाही तर जातेस कशाला?

मुलींची शाळा केवळ यामुळेच सुटते, असं मी म्हणणार नाही. लग्न आहे, घरकाम आहे, लांबचा रस्ता आहे. पण कडी बसवणं त्या मानानं किती सोपं!

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच २५ मुलींमागे एक शौचालय हा निकष दिला. युनिसेफबरोबर ती शाळांची आकडेवारी ठेवते, तीत नुसतं बांधकाम धरत नाहीत. पाहणीच्या वेळी ते वापरता येण्याजोगं असावं लागतं. आपल्या तक्त्यातही तेवढंच विचारा: आज उघडं आहे का? आतून बंद होतं का? पाणी येतं का? आणि उत्तर मुलींकडून घ्या, एखाद्या बाईंनी बसून.

बांधायला पैसे एकदाच लागतात, साफ ठेवायला रोज. सफाईची तरतूद वेगळी करा. नाहीतर कुलूप पुन्हा लागेलच.

आणि शाळेला भेट द्याल तेव्हा आधी कळवू नका. कळवलंत, तर त्या दिवशी कुलूप नसेल.

आपली,
एक शिक्षिका