सिलिंडर आणावा की नाही

राजारामपुरी, कोल्हापूर
मे महिन्याचा दुसरा रविवार

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची खंत आहे. आज लिहायला बसलो, कारण गुरुवारी पहाटे माशांच्या टँकमधले पाच निऑन टेट्रा आणि आपला तो म्हातारा कुहली लोच गेला. हे घरात कोणाला सांगावे, तर हळहळ दोन मिनिटांची होते आणि विषय संपतो. तो लोच आपण कसा आणला होता, हे तुला सांगायला नको. आईची आणि माझी प्रकृती ठीक आहे.

झाले असे, की टँकमधली लाल पाणवनस्पती, रोटाला मॅक्रँड्रा, फिकट पडून खुरटू लागली, म्हणून तिला कार्बन डायऑक्साइड मिळावा यासाठी मार्चमध्ये मी साखर आणि यीस्टच्या दोन-दोन लिटरच्या तीन बाटल्या जोडल्या. थंडीत तेच मिश्रण कसेबसे बुडबुडे सोडत असे; पण मेच्या उकाड्यात यीस्ट असे पेटले, की दिवे बंद झाल्यावरही रात्रभर वायू पाण्यात उतरत राहिला. अंधारात वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेत नाहीत, उलट ऑक्सिजन वापरून तोच वायू सोडतात, आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. पहाटे साडेपाचला पाहिले, तर सगळे मासे पृष्ठभागाशी तोंडे लावून धापा टाकत होते आणि ड्रॉप चेकरमधले, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण रंगाने दाखवणाऱ्या कुपीतले, पाणी हळदीसारखे पिवळे झाले होते. नळ्या ओढून काढल्या, अर्धे पाणी बदलले आणि एअर पंप लावला. दहा वाजेपर्यंत उरलेले मासे सावरले. ते सहा सावरले नाहीत.

रंकाळ्यावर संध्यामठासमोर आपले भांडण झाले होते, ते तुला आठवत असेल. जो पुरवठा बंद करता येत नाही, तो जिवंत प्राण्यांच्या पाण्यात सोडू नये, असे तू म्हणाला होतास, आणि मी रागाने दोन आठवडे तुझ्याशी बोललो नव्हतो. तुझे म्हणणे खरे होते, हे मी आज लेखी देतो. मात्र खोलीवर यीस्टच्या बाटलीत गूळ घालून ती गळ्यापर्यंत भरणारा तूच होतास, हेही तू कबूल कर. फेस नळीतून टँकमध्ये शिरला, तेव्हा विश्वासने त्या बाटलीचे 'हातभट्टी' असे केलेले बारसे मला अजून हसवते.

आता प्रश्न पुढचा आहे. आपला टँक तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच, म्हणजे काठोकाठ सुमारे १९० लिटरचा. एवढ्या पाण्याला यीस्टचा पुरवठा सुरुवातीला जास्त आणि पुढे अपुरा पडतो, आणि रोज बदलणाऱ्या त्या प्रमाणातच ब्रशसारखे काळे शेवाळ फोफावते, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे यीस्ट बाद.

सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याची स्टीलची बाटली मला काही दिवस फार पसंत पडली होती, कारण तिला दाबमापक आणि बारीक व्हॉल्व्ह असतो व ती बंद करता येते. मग हिशेब मांडला. २०० ग्रॅम सोड्यातून फार तर १०५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दोन किलोच्या एका सिलिंडरची बरोबरी करायला ती बाटली जवळजवळ वीस वेळा भरावी लागेल. दोन फुटांच्या टँकला मी तीच सुचवली असती. बाजारात 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळते त्यात बहुधा ग्लुटराल्डिहाइड असते, जे रुग्णालयात उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरतात. त्याने व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती वितळते, आणि मागच्या काचेशी उभी असलेली व्हॅलिस्नेरिया तुझ्या हातची आहे. तो विचार मी तिथेच सोडला.

वायू अजिबात न देता प्रकाश कमी करावा आणि अनुबियास, जावा फर्न व क्रिप्टोकोरिन अशा कमी प्रकाशात जगणाऱ्या वनस्पतींवर समाधान मानावे, हाही मार्ग प्रामाणिक आहे. पण रोटाला मॅक्रँड्रा आपल्याच देशातली वनस्पती, आणि तिचा तो लालभडक रंग आपल्या घरात उतरावा म्हणून आपण किती वर्षे धडपडलो! तिला सोडून द्यायला मन धजत नाही.

म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. दाब दोन टप्प्यांत उतरवणारा दुहेरी टप्प्याचा रेग्युलेटर घ्यावा, असे मी ठरवले आहे, कारण सिलिंडर संपत आला की साध्या रेग्युलेटरमधून एकदम जास्त वायू सुटू शकतो, आणि गुरुवारची पहाट मला पुन्हा पाहायची नाही. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, टायमरवर ठेवून वायू दिव्यांच्या दीड तास आधी सुरू करायचा आणि दिवे जाण्यापूर्वी तासभर बंद करायचा. वीज गेली तरी तो आपोआप बंदच होतो. नळीत पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि वायूचे बारीक बुडबुडे करणारा सिरॅमिकचा डिफ्यूजर फिल्टरच्या प्रवाहाखाली, म्हणजे बुडबुडे वर पळण्याआधी टँकभर फिरतील. ड्रॉप चेकरमध्ये चार केएचचे (कार्बोनेट कठीणपणा चार अंश) द्रावण घालून हिरवा रंग राखायचा, म्हणजे प्रमाण लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास राहते. त्याचा रंग एक-दोन तास मागे चालतो, त्यामुळे पहिले काही दिवस रंगापेक्षा माशांकडेच पाहत बसणार आहे.

एवढे ठरूनही हात पुढे होत नाही, त्याचे कारण आईची खाट. ती टँकपासून सहा फुटांवर निजते. २५ अंशांना या सिलिंडरमध्ये सुमारे ६४ बार दाब असतो. ३१ अंशांच्या वर आतला द्रव द्रव राहत नाही, आणि सिलिंडर प्रमाणाबाहेर भरलेला असेल तर दाब झपाट्याने चढतो. आमची बैठकीची खोली मे महिन्यात दुपारी ३५ अंशांना सहज पोहोचते. बापूंच्या कारखान्यात आडवा झालेला तो सिलिंडर आणि त्यानंतरची धावपळ तू आणि मी दोघांनीच पाहिली आहे, म्हणून ही भीती तुझ्यापुढेच मांडतो. सिलिंडर उत्तरेच्या भिंतीला साखळीने उभा बांधीन, भरताना वजन समोर करून घेईन आणि रात्री मुख्य व्हॉल्व्ह हाताने बंद करीन. तरीही तो स्वयंपाकघरामागच्या बोळात ठेवून भिंतीतून लांब नळी आणावी का, असे सारखे वाटते. तिथे सावली दिवसभर असते.

उद्यमनगरात वेल्डिंगवाल्यांकडे वायू भरून मिळतो. तिथल्या एका ओळखीच्याने अग्निशामकाचा जुना सिलिंडर देऊ केला आहे. त्यात तळापर्यंत जाणारी नळी असते आणि ती न काढता वापरला तर रेग्युलेटरमध्ये द्रवच शिरेल, एवढे मला ठाऊक आहे. ती नळी काढून व्हॉल्व्ह पुन्हा बसवणे भरवशाचे काम आहे का, हे तूच सांग. गळ्याजवळ कोरलेल्या तपासणीच्या तारखेचा फोटो वेगळा पाठवतो.

चिन्मयीच्या बारावीचे कळले, तिला शाबासकी सांग. नव्या घराचे गिलावे झाले असतील. वहिनींचा गुडघा आता कसा आहे?

तुझे उत्तर येईपर्यंत दिवे रोज पाचच तास लावतो आहे आणि एअर पंप रात्रभर चालू ठेवतो आहे. रोटालाचे शेंडे खुडून दुसऱ्या कुंडीत लावले आहेत. त्यांतले तीन अजून लाल आहेत. बोळ की भिंत, एवढे तरी लगेच कळव.

तुझा,
वसंत